गाव सोडायचं कोणी ठरवलं?

मी चिखल्याचा, भंडारा जिल्ह्यातला, काम सॉफ्टवेअरचं. आजची गोष्ट सेंट किल्डाची. स्कॉटलंडपासून दूर समुद्रातलं बेट. लोक शतकानुशतकं समुद्रपक्षी, अंडी आणि मेंढ्यांवर जगले. मग बोटी यायला लागल्या, सोबत रोगराई आली, तरुण निघून गेले. १९३० मध्ये उरले फक्त ३६ जण. त्यांनीच सरकारला अर्ज केला, आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्टला बेट रिकामं झालं.

आपल्याकडे १९८८ मध्ये वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि कितीतरी गावं बुडाली. त्यांनी कुठे अर्ज केला होता?

आमचं चिखला मँगनीजच्या खाणीवर जगतं. खाण संपल्यावर काय, हे आम्हीच ठरवायला हवं. बोला, तुमच्या गावात कोण ठरवतं?