वीरांची नावे



महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभा असतो. खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गोधन राखताना कोणी पडला असेल, तर खाली गाईही कोरलेल्या दिसतात. चंद्रसूर्य असेतोवर कीर्ती राहावी, हा त्या चिन्हांचा अर्थ होय. वीराचे नाव मात्र बहुधा कोरलेले नसते. ज्याने गाव राखले त्याचे नाव गाव विसरेल, हे घडविणाऱ्याच्या मनातही आले नसावे! आज मुले त्या दगडास शेंदूर लावतात. तो कोणाचा, हे सांगणारा कोणी उरलेला नाही.

अलीकडच्या काळातही हेच घडले. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले. त्या युद्धानंतर अनेक गावांत शिला बसविण्यात आल्या. गावातून किती गेले आणि किती पडले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. इराकमधील कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. त्या प्रदेशात मेलेल्यांसाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची केवळ संख्या. शिपायाच्या आईस संख्या झाली नव्हती, मुलगा झाला होता.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक जवानांची नावे आहेत. त्याआधीच्यांची नावे शोधावयाची, तर घरोघरी जावे लागेल. पहिल्या महायुद्धातील मृताच्या वारसास काशाची वाटोळी चकती दिली जात असे. तिच्यावर त्याचे नाव उठावाच्या अक्षरांत असे. काही चकत्या मोडीत गेल्या असतील, काही अद्याप पेटीच्या तळाशी असतील. वरच्या वर्गातील मुलांनी आजीआजोबांना विचारून ती नावे शाळेच्या वहीत उतरवून घ्यावीत.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनी मुले निधी गोळा करतात, ते योग्यच आहे. त्या दिवशी गावातील निवृत्त सुभेदारांना शाळेत बोलवावे. हार घालून खुर्चीवर बसविले की सत्कार उरकला, असे मात्र होऊ नये. त्यांच्या पलटणीतले कोण परत आले नाहीत, हे मुलांनी त्यांना विचारावे, आणि ती नावे फळ्यावर लिहावीत.