दूरस्थ पालक आणि घरातील कृतज्ञता



जत्रेच्या दिवसांत देवालयाच्या अग्रशाळा माणसांनी भरून जातात. मुंबईहून, आखाती देशांतून, कोणी बोटीवरची रजा काढून कुळावी येतात, देवापुढे नारळ ठेवतात, गाऱ्हाणे घालून घेतात आणि चार दिवसांनी पुन्हा आपापल्या कामावर रुजू होतात. गोमंतकाला हे येणेजाणे नवीन नाही. पोर्तुगीज अमदानीत, १५६० च्या सुमारास, श्रीमंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळास आले, तेव्हापासून दैवत एकीकडे व भक्त दुसरीकडे अशी कित्येक घराण्यांची स्थिती झाली. तरीही देवस्थाने टिकली. दुरून वर्गणी पाठविणारा महाजन आणि पहाटे दार उघडून नंदादीपात तेल घालणारा सेवेकरी, या दोघांच्या आधारावर ती टिकली. यांतील एकाचेच नाव घ्यावे व दुसऱ्याचे विसरावे, असे कोणतेही सुज्ञ मंडळ करीत नाही.

ज्या घरातील वडील किंवा आई नोकरीनिमित्त दूर असते, त्या घरालाही हाच न्याय लागू आहे.

अशा घरात कृतज्ञतेचा उपदेश पुष्कळ होतो. ‘बाबा तिकडे तुमच्यासाठी राबतात’ हे वाक्य मुलांच्या कानांवर इतक्या वेळा पडते की त्याचा अर्थच झिजून जातो. अभ्यास झाला नाही, ताटात अन्न टाकले, उलट उत्तर दिले, की हेच वाक्य पुढे येते. मग मुलाच्या मनात वडिलांची मूर्ती एखाद्या सावकारासारखी उभी राहते. ऋणको सावकाराला भितो, क्वचित त्याला टाळतोही. त्याच्याविषयी त्याला प्रेम वाटत नाही.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली तर मार्ग सापडतो. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे आधी जाणणे आले. ज्याला आपल्या वडिलांचा दिवस कसा जातो हे ठाऊक नाही, त्याने आभार कशाचे मानावेत? कुवेतचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागे असते. येथे सायंकाळी सातला देवापुढे दिवा लागतो, तेव्हा तेथे साडेचार वाजलेले असतात. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथील ऊन इतके प्रखर असते की सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. एवढी माहिती मुलाला असली, तरी बाबांचा फोन उशिरा का आला हे त्याला सांगावे लागत नाही.

जाणण्याची ही जबाबदारी दूर असणाऱ्यावरही तितकीच आहे, आणि बहुधा तेथेच उणीव राहते. पैसे पाठविले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत त्याच्या मनात नकळत घर करते. सासूबाईंना डॉक्टरांकडे कोणी नेले, पावसात कौले फुटली तेव्हा माणूस कोणी शोधून आणला, दहावीच्या मुलीबरोबर रात्री कोण जागले, हे त्याने विचारले पाहिजे व नाव घेऊन त्याची पोच दिली पाहिजे. पाठविलेली रक्कम बँकेच्या पुस्तकात नोंदली जाते. घरातल्या या कष्टांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. आई परदेशी परिचारिका असेल आणि वडील घर सांभाळीत असतील, तर त्यांच्या कष्टांकडे शेजारपाजारचेही लक्ष जात नाही. म्हणून तेथे ही पोच अधिकच अगत्याची.

रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल धन्यता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहून काढल्या. दुसऱ्या गटाने आठवड्यातील कटकटी लिहिल्या. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी आढळला. आपल्या घरांतही शनिवारच्या फोनवर प्रत्येकाने दुसऱ्याने केलेली एक ठराविक गोष्ट सांगावी. ‘सर्वांचे आभार’ असे मोघम बोलू नये. ‘मंगळवारी तू आजीचे औषध आणलेस’ असे बोलावे. चवथीला माटोळी बांधून झाल्यावर गाऱ्हाणे घालताना दूर असलेल्याचे क्षेम मागितले जाते. त्यातच, त्याच्या पाठीमागे घर चालविणाऱ्याचेही नाव यावे.

मात्र कृतज्ञतेच्या नावाखाली मुलाची तक्रार दाबू नये. ‘बाबा माझ्या स्नेहसंमेलनाला आले नाहीत’ असे म्हणणारे मूल कृतघ्न नसते. त्याला वडील हवे असतात, एवढाच त्याचा अर्थ. ते ऐकून घेतले, तर तेच मूल उद्या आभारही मनापासून मानील.

या साऱ्याची कसोटी कठीण काळात लागते. १९५५ साली गोव्याच्या सीमा बंद झाल्या, आगगाडी थांबली आणि मुंबईला नोकरी करणाऱ्यांचे घरी येणे दुर्घट झाले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. सुमारे एक लक्ष सत्तर हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत गोमंतकीयही होते, आणि अनेकांच्या हाती अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. २०२० च्या अखेरीस महामारीमुळे जगभरातील सुमारे चार लक्ष खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते. अशा वेळी पेटी रिकामी येते, कधी माणूसच येऊ शकत नाही. ज्या घराची कृतज्ञता पेटीपाशी होती, त्या घरात त्या दिवसापासून कुरबूर सुरू होते. ज्या घराने माणसाचे कष्ट जाणले होते, ते घर त्याला आधी पाणी देते, पाठीवर हात ठेवते आणि मग पुढच्या महिन्याचा हिशेब मांडायला बसते.

म्हणून पुढच्या वेळी दूरचे माणूस घरी येईल, तेव्हा पेटी पहिल्या दिवशी उघडू नये. त्या दिवशी त्याने तिकडचे सांगावे, घरच्यांनी इकडचे सांगावे. दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून देवदर्शनाला यावे. प्रत्येक कुळाव्याच्या घरी हा पाठ पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.