हिमवर्षाव आणि खुनाचें रहस्य

रहस्यकथा म्हणजे केवळ वेळ घालविण्याचें साधन, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. आगगाडींत बसतांना ती विकत घ्यावी आणि उतरतांना बाकावर विसरून जावी, एवढीच तिची योग्यता असें पुष्कळांना वाटतें. परंतु या वाङ्मयाच्या एका लहानशा शाखेकडे लक्ष दिलें, तर हा समज थोडा दुरुस्त करावा लागेल. ही शाखा म्हणजे ऐन हिंवाळ्यांत, बर्फानें वेढलेल्या लहान गांवांत घडणाऱ्या खुनांच्या कादंबऱ्या.

महाराष्ट्रांतील श्रोत्याला हिंवाळा म्हटला म्हणजे शेकोटी, हुरडा आणि कोंवळें ऊन आठवतें. इंग्लंडांतील माळरानावरच्या खेड्याला तोच ऋतु कोंडींत टाकतो. रस्ते बुजतात, टपाल अडतें आणि दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडतो. आषाढांत ओढ्याला पूर आल्यामुळें ज्यांचें गांव दोन-दोन दिवस तुटतें, त्यांना या स्थितीची कल्पना सहज येईल. रहस्यकथाकाराला ही कोंडी सोयीची असते. बाहेरचा मनुष्य आंत येऊं शकत नाहीं आणि आंतला बाहेर जाऊं शकत नाहीं, म्हणजे गुन्हेगार परिचितांपैकींच कोणीतरी असला पाहिजे. शिवाय ताजें बर्फ पावलांचा ठसा राखतें, आणि पुन्हा पडलें कीं तोच ठसा पुसून टाकतें.

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘द सिटाफर्ड मिस्टरी’ ही १९३१ सालची कादंबरी या प्रकाराचा उत्तम नमुना होय. डार्टमूर या उजाड माळरानाच्या कडेला सिटाफर्ड नांवाचें काल्पनिक खेडें आहे. एक मोठा बंगला आणि आसपास सहा लहान घरें, एवढाच त्याचा विस्तार. बंगल्याचे मालक, आरमारांतून निवृत्त झालेले कॅप्टन ट्रेव्हेल्यन, हिंवाळ्यापुरता तो भाड्यानें देऊन सहा मैलांवरील एक्झॅम्प्टन गांवीं राहावयास गेले आहेत. एके सायंकाळीं बंगल्यांत मंडळी गंमत म्हणून टेबलाभोंवतीं बसून प्रेतात्म्यांना बोलावितात, आणि टेबल ठोके देऊन सांगतें कीं ट्रेव्हेल्यन यांचा खून झाला. घड्याळांत पांच वाजून पंचवीस मिनिटें झालेलीं असतात. त्यांचे जुने मित्र मेजर बर्नेबी भर हिमवर्षावांत सहा मैल पायीं निघतात. ते पोंचतात आणि पाहतात, तों वार्ता खरी ठरलेली असते.

येथपर्यंतचा भाग चातुर्याचा आहे. खरें महत्त्व पुढील भागाला आहे. पोलिसांचा संशय मृताचा भाचा जेम्स पिअर्सन याच्यावर जातो. त्याच दिवशीं तो मामाला भेटावयास आला होता, त्याला पैशांची नड होती आणि मृत्युपत्राप्रमाणें त्याला वांटा मिळावयाचा होता. सारा पुरावा त्याच्याकडे बोट दाखवितो, आणि तो स्वभावानें इतका दुबळा कीं स्वतःचा बचावही त्याला धडपणें करतां येत नाहीं. त्याला अटक होते. तेव्हां एमिली ट्रेफ्यूसिस ही त्याची वाग्दत्त वधू पुढें येते. पोलिसांचा अधिकार तिच्यापाशीं नाहीं. दारोदार जाऊन, गोड बोलून, प्रत्येकाची हकीकत ऐकून ती सत्याचा माग काढते. गुन्हेगार कोण, हें येथें सांगणें वाचकावर अन्याय करण्यासारखें होईल. परंतु एमिलीच्या धडपडीमागें एक निरपराध मनुष्य फांसावर जाण्याची भीति आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे हा निव्वळ बुद्धीचा खेळ राहत नाहीं.

डॉरोथी सेयर्स या धर्मोपदेशकाच्या कन्या, आणि त्यांचें बालपण पूर्व इंग्लंडांतील फेन्स या सखल, पाणथळ मुलुखांत गेलें. त्यांच्या ‘द नाइन टेलर्स’ या १९३४ सालच्या कादंबरींत वर्षाच्या अखेरच्या रात्रीं लॉर्ड पीटर विम्झी यांची मोटार बर्फामुळें खड्ड्यांत जाते. जवळच्या गांवांतील पाद्री त्यांना आश्रय देतात. चर्चमध्यें त्या रात्रीं नऊ तास अखंड घंटावादन व्हावयाचें असतें. एक वादक तापानें आजारी पडल्यामुळें विम्झी त्याच्या जागीं उभे राहतात. पुढें ईस्टरच्या सुमारास दुसऱ्याच व्यक्तीच्या थडग्यांत एक अनोळखी प्रेत सांपडतें. शीर्षकांतील ‘टेलर्स’ म्हणजे शिंपी नव्हेत. गांवांत पुरुष मेला म्हणजे घंटेचे जे नऊ ठोके देतात, ते या शब्दानें सुचविले आहेत. संशयानें विस्कटलेलें हेंच गांव शेवटीं महापूर आल्यावर त्याच चर्चमध्यें एकत्र आश्रय घेतें.

ही परंपरा अद्याप संपलेली नाहीं. आइसलंडचे राग्नार योनासन यांनीं तरुणपणीं ख्रिस्ती यांच्या चौदा कादंबऱ्यांचीं भाषांतरें केलीं, आणि २०१० सालीं ‘स्न्योब्लिंदा’, म्हणजे ‘हिमांधता’, ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचें स्थळ सिग्लुफ्योर्दुर हें उत्तरेकडील खरेंखुरें गांव. भोंवतालच्या डोंगरांमुळें तेथें हिंवाळ्यांत दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्यदर्शन होत नाहीं. राजधानींतून आलेला आरी थोर हा नवा शिपाई तेथें परका आहे, आणि हिमकडा कोसळून रस्ता बंद होतांच त्याचाही जीव गुदमरूं लागतो. नाट्यमंडळाच्या जिन्यावरून पडून मरण पावलेला वृद्ध लेखक अपघातानें गेला असें गांव म्हणतें, कारण तसें म्हणणें सर्वांना सोयीचें असतें.

या तिन्ही कादंबऱ्यांत एक समान सूत्र दिसतें. मोठ्या शहरांत खून झाला तर शेजारी दार लावून घेतो. लहान गांवांत तसें करतां येत नाहीं. ज्याच्या दुकानांतून रोजची भाकरी आणावयाची, ज्याच्याशेजारीं प्रार्थनेला बसावयाचें, त्याच्याकडेच शंकेनें पाहावें लागतें. बर्फानें रस्ते अडविलेले असल्यामुळें या शंकेपासून दूर जाण्याची सोयही उरत नाहीं. खुनानें एक जीव जातो, पण संशयानें सगळ्या गांवाचा एकमेकांवरील विश्वास जातो. म्हणून अशा कथेंत अपराधी सांपडणें हें अर्धेंच काम असतें. जे निर्दोष होते त्यांना पुन्हा ताठ मानेनें रस्त्यावरून चालतां येणें, हें उरलेलें अर्धें काम होय.

अशी कादंबरी हातीं आली तर शेवटचें पान आधीं उलटण्याचा मोह आंवरावा. वाचतांना आपला संशय कोणाकोणावर गेला याची मनाशीं नोंद ठेवावी, आणि रहस्य उलगडल्यावर ती पुन्हा पाहावी. किती सज्जनांना आपण विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, हें तेव्हां ध्यानांत येईल. ही जाणीव मनांत राहिली, तर पुस्तक बाकावर विसरलें तरी चालेल.