रात्री गाडीतच झोपलो तर पोलीस काय करू शकतात?

पुण्याहून रात्री निघालात, जालना मागे पडलं, मंठा गेलं आणि देवगाव फाट्यापर्यंत डोळे मिटायला लागले. आता सेलूला वळायचं की जिंतूरकडे सरळ जायचं, हेही सुधरत नाही. अशा वेळी गाडी बाजूला लावून झोपणं हाच शहाणपणा. पण मनात धाकधूक असते, पोलीस आले तर?

आधी सरळ उत्तर देतो. स्वतःच्या गाडीत झोपणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये तसं कलमच नाही. भानगड होते ती गाडी कुठे लावली आणि तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात, यावरून.

पहिली गोष्ट, जागा. कलम १२२ सांगतं की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सार्वजनिक जागी ठेवायची नाही. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत दंड. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहेच, रस्त्यात अडथळा केला तर ५००० पर्यंत दंड. दंडाचं सोडा हो, खरी भीती जिवाची आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धीवर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर मागून आदळली आणि १२ माणसं गेली. तुमच्या थांबलेल्या गाडीमुळे कुणी दगावलं आणि त्यात तुमचा निष्काळजीपणा ठरला, तर कलम १०६ लागू शकतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणून फाट्यावरच्या वळणावर, पुलावर, साइडपट्टीवर अजिबात झोपायचं नाही.

दुसरी गोष्ट, दारू. कलम १८५ हे गाडी चालवणाऱ्याला आणि चालवायचा प्रयत्न करणाऱ्यालाही लागतं. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागच्या सीटवर झोपलेला माणूस गाडी चालवत नसतो, हे खरं. पण ड्रायव्हर सीटवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर असेल तर 'मी फक्त झोपलो होतो' हे पटवून देणं जड जातं. आणि 'गाडी माझी, म्हणजे खाजगी जागा' असंही समजू नका. २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदी कायद्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावरची खाजगी गाडीसुद्धा सार्वजनिक जागेत धरली होती.

तिसरी गोष्ट, संशय. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ रात्री संशयास्पद सापडणाऱ्यांसाठी आहे. रस्त्यावर पडून राहण्याबद्दल त्यात जे लिहिलंय ते चोर म्हणून आधीच कुख्यात असलेल्या आणि समाधानकारक उत्तर न देणाऱ्या माणसासाठी. दमलेल्या प्रवाशासाठी नाही. तरी गस्तीवरचे पोलीस काचेवर टकटक करणारच, ते त्यांचं कामच आहे. हुज्जत घालू नका. काच खाली करा, 'साहेब, झोप येत होती म्हणून थांबलो, सेलूला चाललोय' एवढं सांगा, मोबाईलमध्ये डिजिलॉकरवरचं लायसन्स आणि आरसी दाखवा. ताईंनो, एक लक्षात ठेवा: सूर्यास्तानंतर महिलेला अपवादात्मक परिस्थितीतच, महिला पोलिसांकडून आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनेच अटक करता येते.

मग झोपायचं कुठे? पेट्रोल पंपावर किंवा चालू ढाब्याच्या आवारात. मालकाला विचारून, कारण जागा त्यांची. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चावी खिशात, काच बोटभर खाली. एसी लावून काचा बंद करून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि त्या वायूला वासच नसतो.

अडचण आली तर ११२ फिरवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

घरी दोन तास उशिरा पोचलात तर आई रागावेल, पण पोचाल. हा भाग रात्री गाडी चालवणाऱ्या तुमच्या दोस्ताला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!