मूत्रपिंड प्रत्यारोपण : चिठ्ठी वेळेवर मागा

(संस्थेच्या आरोग्य मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनी करतो. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याबरोबर आम्ही रुग्णालयाच्या रांगांत उभे राहिलो, त्यांची कागदपत्रे जुळविली. उपचार काय करावेत हे डॉक्टरांनी सांगावे. वाट कशी आहे, एवढेच आम्ही सांगतो.

मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडाचे मोठे शत्रू. ते दुखत नाही, खुपत नाही. निकामी होत जाते. आमच्या या सहकाऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. अशी दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत किडनी बदलता येईल का, हा प्रश्न कोणीच काढला नाही. डॉक्टरांना वाटले, यांना परवडणार नाही. घरच्यांना वाटले, शक्य असते तर डॉक्टरांनीच सांगितले असते. दोन्ही बाजूंच्या या मौनात दोन वर्षे खर्ची पडली. आजच्या भाषणाचे सारे सार यातच आहे. बंधूंनो, प्रश्न आपणच विचारला पाहिजे. "डॉक्टरसाहेब, मी प्रत्यारोपणास योग्य आहे का? मला प्रत्यारोपण केंद्रासाठी चिठ्ठी द्याल का?" एवढी दोन वाक्ये पुरेत.

ही चिठ्ठी कधी मागावी? रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर 'जीएफआर' नावाचा आकडा असतो. मूत्रपिंडाचे काम किती उरले, हे तो दाखवितो. तो ३० च्या खाली उतरू लागला की प्रत्यारोपणाची बोलणी सुरू करावीत, असे जाणकार सांगतात. घरातला दाता असेल तर डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही प्रत्यारोपण होऊ शकते. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी मात्र यादीत नाव लागते, आणि सहसा ते डायलिसिस चालू असलेल्यांचेच घेतात. नाव मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फतच नोंदवावे लागते. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय केंद्रे या याद्या सांभाळतात. कोण किती काळ थांबला आहे, हेही क्रम ठरविताना पाहिले जाते. म्हणून उशिरा जाणारा मागे पडतो. वयाची ६५ वर्षे उलटली म्हणून आता नाव नाकारले जात नाही. ती अट केंद्र सरकारने २०२३ साली काढून टाकली.

चिठ्ठी मिळाली म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असे नव्हे. पुढे सुरू होते ती तपासणी. आमच्या भाषेत सांगायचे तर कर्जाची फाईल मंजुरीला जाण्यापूर्वी तिची पडताळणी होते, तसेच हे. रक्तगट, ऊतींची जुळणी, क्रॉसमॅच, हृदयाची इको तपासणी, छातीचा एक्स-रे, क्षयरोग, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या, दातांची तपासणी, वयानुसार कर्करोगाची चाचणी. दातांचा काय संबंध, असे आमच्या सहकाऱ्यांनी विचारले होते. संबंध आहे. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यावी लागतात. तेव्हा तोंडात लपलेला जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. आणखी एक गोष्ट. वारंवार दुसऱ्याचे रक्त चढविले तर शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि पुढे जुळणी अवघड होते. म्हणून रक्त चढविण्यापूर्वी ते टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

या तपासणीत "सध्या नाही" असे उत्तर आले, तर ते "कधीच नाही" असे समजू नये. कोणाला आधी क्षयरोगाचे औषध पूर्ण करावे लागते, कोणाला हृदयाचा उपचार, कोणाला तंबाखू सोडणे. कारण लेखी मागावे आणि ते दूर करून पुन्हा जावे.

आता दात्याविषयी. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, भावंडे आणि मुले हे जवळचे नातेवाईक. पुढे २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यांत आली. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आहे. घेणारा आणि देणारा दोघेही त्यात सापडतात. नाते कागदावर सिद्ध करावे लागते. आमच्या सहकाऱ्यांच्या बहिणीचे नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे निघाले. त्या दुरुस्तीत तीन महिने गेले. हे काम आजारी पडण्याआधीच करून ठेवता येते.

त्या बहिणीला रुग्णालयात एकटीला बसवून विचारले गेले : तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? आम्हांस ही पद्धत फार मोलाची वाटली. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, आणि मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. घरातील बाई आजारी पडली की दाता मिळत नाही, हे कटू सत्य आहे. भगिनींनो, नाही म्हणण्याचा हक्क तुम्हांलाही आहे, आणि आजारी पडल्यास मागण्याचाही.

पुढे त्या बहिणीच्या तपासणीत साखर वाढलेली आढळली आणि डॉक्टरांनी तिलाच थांबविले. पत्नीचा रक्तगट जुळला नाही. दोन कुटुंबांनी आपसांत दाते बदलण्याचीही सोय कायद्यात आहे, पण तशी जोडी अजून मिळालेली नाही. सहकारी आज यादीत आहेत आणि रात्रीही फोन उशाशी ठेवून झोपतात.

पैशाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण दोन्ही आहेत. प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. आजचे नियम योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावेत. मात्र पुढील औषधे कायमची असतात, त्यांचा महिन्याचा हिशेब आधी मांडावा.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची विनंती तुम्हांला. वस्तीत कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांच्या घरी जा. फाईल लावून द्या, नावांतील चुका शोधा, रांगेत सोबत उभे राहा. आणि चिठ्ठी मागितली का, हे जरूर विचारा. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.