शोकाकुलाची पायरी



ज्युबिलीच्या आनंदांत मी स्मशानभूमीविषयीं बोलतों, याचें नवल मानूं नका. प्रभूमध्यें निजलेलीं आपलीं माणसेंही याच धर्मग्रामाचीं आहेत. या वर्षाचें स्मारक म्हणून तेथील झाडें काढून संगमरवरी मंडप बांधावा, अशी सूचना आली आहे. तिचा विचार करतांना स्वीडनमधील स्टॉकहोमची वनस्मशानभूमि ध्यानांत घ्यावी.

१९१५ सालच्या स्पर्धेंत गुन्नार आस्प्लुंड व सिगुर्द लेवेरेन्ट्झ या तिशींतील वास्तुशिल्पकारांची योजना पसंत झाली. त्यांनीं पाइनचें अरण्य राखून त्याच्या छायेंत कबरी ठेविल्या आणि खडीच्या जुन्या खाणींतून हिरवळीचा उतार घडविला. १९२० सालीं ही भूमि अर्पण झाली. १९९४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें.

तेथील टेकडीवर चिंतनासाठीं वृक्षांची राई आहे. तिच्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांची उंची वर वर कमी होत जाते. शोकाकुल मनुष्य दमून नव्हे, तर शांत चित्तानें माथ्यावर पोहोंचावा, हा त्यांतील हेतु.

बांधणाराची खरी करुणा मला या पायऱ्यांत दिसते. संगमरवर दात्याचें नांव सांगेल. परंतु मृतांच्या दिवशीं उन्हांत गुडघे टेकणाऱ्या विधवेस सावली कोण देईल? श्रीमंताची व गरिबाची कबर एकाच छायेखालीं असूं द्या. आहेत तीं झाडें राखूं या, नवीं लावूं या, आणि सर्वांच्या वतीनें एकच क्रूस उभारूं या. त्याच्याकडे जाणारी वाट मात्र म्हाताऱ्या पायांस झेपेल अशी असावी.