मस्टरवरचं नाव आणि मशीनवरचा माणूस

पिंपरीला सूक्ष्मजीवांचं नवल नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे 1954 पासून आहे आणि हॅमायसिन देणाऱ्या जीवाला शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं या गावाचंच नाव दिलं. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. फॅफिया नावाचं यीस्ट अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य बनवतं. सॅल्मन माशाच्या मांसाला रंग येतो तो त्यानेच. या यीस्टचा अभ्यास करताना नुसता रंग मोजून थांबू नका, पेशीतली प्रथिनं वेळोवेळी कशी बदलतात ते पाहा, एवढंच मला सांगायचं आहे.

चाकणचा एखादा कारखाना घ्या. मस्टरवर सगळ्यांची नावं असतात, पण त्यावरून तिसऱ्या पाळीला मशीनवर कोण उभं आहे ते कळत नाही. जनुकं म्हणजे मस्टर, प्रथिनं म्हणजे मशीनवरची माणसं. फॅफियाची जनुकं पहिल्या दिवशी असतात तीच तिसऱ्या दिवशी. तरी ग्लुकोज भरपूर आहे तोवर रंग दबलेला राहतो आणि ते संपत आलं की चढतो. शिवाय माणूस हजर असूनही काम अडतं. बीटा-कॅरोटीनचं अ‍ॅस्टाझँथिन करणाऱ्या एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारं दुसरं प्रथिन लागतं. ते नसेल तर काम बीटा-कॅरोटीनवरच थांबतं. वेल्डर आला, त्याचा जोडीदार आलाच नाही! रंग बिघडलेला दिसतो, पण कोण गैरहजर होतं ते रंग सांगत नाही.

कोणी म्हणेल, आरएनए मोजणं सोपं आहे, तेवढं पुरे. पण आरएनए हा पाळीचा हुकूम झाला. हुकूम निघाला म्हणजे माणूस आला असं नव्हे. प्रथिन किती बनलं, किती टिकलं, हे त्यात दिसत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे, प्रथिनं मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर परवडत नाही. म्हणून रोज मोजू नका, नेमक्या वेळी मोजा. चिलीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये या यीस्टची प्रथिनं वाढीच्या टप्प्यांनुसार तपासली, तेव्हा रंगाचा कच्चा माल बनवणारी काही प्रथिनं रंग चढण्याआधीच वाढलेली आढळली. म्हणजे लाली दिसल्यावर नमुना घेणारा उशिरा पोचतो! पुन्हा सांगतो, उशिरा पोचतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, यीस्टसाठी लांब जायला नको. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनो, पुढच्या प्रकल्पात रंग चढण्याआधीचा, चढतानाचा आणि नंतरचा, असे तीन नमुने उणे 80 अंशांवर गोठवून ठेवा. मोजणी मागाहून करता येईल.